एवढ्याशा डबीत दिसतं तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर उत्तर देणं मी सोडूनच दिलं होतं. कंपनीच्या बसमध्ये, लग्नात पंगतीची वाट बघताना, कुठेही खिशातून ती जुने व्हिडिओ गेम खेळायची डबी काढली की शेजारचा वाकतो. "एवढ्याशात दिसतं तरी काय?" लगेच दुसरा, "फोन आहे ना?" आणि मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "मी घेऊ का?"

फोनचं आधी उरकतो. काचेवर बटण हाताला लागत नाही. अंगठा कुठे आहे हे बघायला नजर खाली न्यावी लागते, तोवर मेलेलो असतो. शिवाय फोनवर सुपरवायझर येतो. डबीवर कुणी येत नाही. इंदूरला राजेंद्रनगरला बसमध्ये चढायचं, बटण दाबायचं, काल जिथे थांबवलं तिथून खेळ पुढे. पीथमपूरचं गेट दिसलं की पुन्हा गोठवायचं. याला पोरखेळ म्हणायचं तर खुशाल म्हणा. त्याच बसमध्ये बाकीचे रील बघत असतात, तेही आवाज मोठा करून.

आता दिसण्याचं. स्क्रीन १.५४ इंची, चौकोनी, २४० बाय २४० ठिपक्यांची. हे इंच तिरके मोजलेले. एक बाजू भरते जेमतेम २८ मिलिमीटर. २००१ मध्ये आलेल्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्राचं चित्र २४० बाय १६०, म्हणजे ठिपक्यावर ठिपका बसतो आणि मीनाकारी केल्यासारखं दिसतं. १९८९चा मूळ गेमबॉय १६० बाय १४४. तो दीडपट करावा लागतो, पण अर्धा ठिपका काही उजळत नाही, म्हणून काही रेघा जाड आणि काही बारीक. आपल्या लहानपणच्या टीव्ही गेमचं चित्र २५६ रुंद, इथे सोळा ठिपके जास्तच. एक तर कडा कापा, नाहीतर चित्र चेपा. मी चेपतो. मारियो थोडा वाळलेला चालतो मला.

अक्षरं मात्र आठ ठिपक्यांची, म्हणजे मिलिमीटरही पुरता नाही. संवाद वाचत पुढे जायचे खेळ विसरा. पहिलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की स्क्रीनच भुरकट आहे. मग एक दिवस गोळ्यांच्या पाकिटावरची तारीखही भुरकट दिसली. चाळिशी लागली होती. स्क्रीनला दिलेल्या शिव्या अजून परत घेतलेल्या नाहीत.

बाकीचे तोटे भराभर सांगतो. मागची चार बटणं एका ओळीत, माझ्या बोटांना त्यातली दोनच सापडतात. अर्ध्या तासाने अंगठ्याचं मूळ ठणकतं. सोबत आलेलं मेमरी कार्ड चार महिन्यांत गेलं आणि माझे तीसेक तास घेऊन गेलं. पहिल्याच दिवशी सगळं चांगल्या कार्डावर उतरवून घ्या. डबीत भरून येणारे हजारो खेळ कायद्याने कुणाचे, हे मला माहीत आहे. लहानपणी रामबागेतल्या घरी 'ओरिजिनल' म्हणून आलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटी कुठे ओरिजिनल होत्या, हे उत्तर नाही, तेही माहीत आहे.

खरा तोटा वेगळाच आहे आणि तो मी बसमध्ये कुणाला सांगत नाही.

गेल्या दिवाळीत दादा पुण्याहून आला होता. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. टीव्ही गेमचा पहिला कंट्रोलर कायम त्याचा. माझ्या कंट्रोलरवर स्टार्टचं बटणच नव्हतं, त्यामुळे खेळ थांबवायचा तर तोच थांबवणार. आई जेवायला हाक मारायची आणि मी दादाच्या तोंडाकडे बघायचो. आम्ही काँट्रा खेळायचो, दोघांनी मिळून गोळ्या झाडत पुढे जायचा खेळ. तिसऱ्या टप्प्यात धबधबा येतो, दोघांनी उड्या मारत वर चढायचं. एक जण पुढे गेला की चित्र वर सरकतं आणि खाली राहिलेला मरतो. दादा थांबायचा. कडेवर उभा राहून गोळ्या चुकवत म्हणायचा, "ये, ये, घाई नको."

रात्री फराळाचं ताट मधे ठेवून मी डबी त्याच्या हातात दिली. काँट्रा आधीच लावून ठेवला होता, तीस जिवांचा कोड टाकून. आयत्या वेळी मजा येईल म्हणून. दादाने चष्मा काढला, डबी नाकाशी नेली, मग हात लांब केला. त्याचा अंगठा त्या चार दिशांवर मावेना. मिनिटाभरात पाच जीव गेले. हसला, डबी परत दिली आणि म्हणाला, "तू खेळ. मी बघतो."

मी खेळायला लागलो. तो माझ्या खांद्याशी सरकून बसला, चिवड्याचा वास येत होता त्याला. थोड्या वेळाने लक्षात आलं की त्याला काही दिसत नाहीये. मी डबी त्याच्याकडे कलती केली तर मला दिसेना. दोन डोकी त्या २८ मिलिमीटरवर मावत नाहीत, मावणारच नाहीत. तेवढ्यात संगीत बदललं आणि त्याने विचारलं, "धबधबा आला?"

"आला."

मी सरळ वर चढत गेलो. थांबायचं कुणासाठी? खाली कुणी नव्हतंच. शेवटच्या कडेवर पोचलो तेव्हा दादा ताटातल्या शंकरपाळ्या निवडत होता.

त्यानंतर वाटलं, विकून टाकावी. सोमवारी बसमध्ये पुन्हा काढली. कुणी बघत नाही म्हणूनच तर घेतली होती, हे मी आधी छातीठोक सांगायचो आणि आजही ते खोटं नाही. घरात, ऑफिसात, सगळीकडे कुणीतरी खांद्यावरून बघत असतं.

पुण्याला पोचल्यावर दादाचा मेसेज आला, "टीव्हीला जोडता येते का ती?" मी लिहिलं, "नाही." ही जोडता येत नाही, खरंच. हाताच्या तळव्याएवढ्या मिळतात त्यांतल्या काही जोडता येतात, दोन कंट्रोलरही लागतात त्यांना. ते मी त्याला लिहिलं नाही. अजून लिहिलेलं नाही.

तुम्ही घ्यायची की नाही? आधी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून बघा.