इंदूरहून चंद्रतालला, पण मनालीकडून नको

चंद्रताल म्हणजे हिमाचलातलं उंचावरचं तळं. त्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: मनालीहून किती तास? घोळ तिथंच होतो. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून सकाळी निघून संध्याकाळी कॅम्पवर पोचता येतं हे खरं. पण मनाली 2,000 मीटरवर आणि तळं 4,250 च्या आसपास. इंदूर तर 550. परवा सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) खात फिरलेला माणूस विरळ हवेची सवय नसल्यानं तिथं रात्रभर डोकं धरून बसतो, ओकाऱ्या काढतो, आणि दवाखाना कित्येक तासांवर.

म्हणून चढायचं शिमल्याच्या बाजूनं, मनालीला फक्त उतरायचं. मालवा एक्स्प्रेसनं अंबाला, तिथून शिमला (2,200), मग कल्पा (2,950), ताबो (3,280), काझा (3,650) आणि कुंझुम घाट ओलांडून चंद्रताल. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. शेवटचा टप्पा 600 चा पडतो, म्हणून काझ्यात दोन रात्री काढायच्याच. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगून. डोकेदुखी वाढतच गेली किंवा चालताना तोल जायला लागला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

पोरांची मेची सुट्टी इथं कामाची नाही. कुंझुम बहुतेक वर्षी जूनमध्ये धड मोकळा होतो, आणि जुलै सरता सरता कल्पाच्या किन्नौर भागात दरडी सुरू होतात. उरतात जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, नाहीतर सप्टेंबर. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे घाट उघडल्याची बातमी यायच्या आत तिकीट काढावं लागतं. परतीच्या तिकिटाआधी मनालीत एक दिवस रिकामा ठेवा. जुलै 2023 मध्ये ऐन मोसमात बर्फ पडून अडीचशेवर पर्यटक चंद्रतालला अडकले होते. एकूण बारा दिवस धरा. घरचे दहात बसवायला बघतील, ऐकू नका.

आता चूल. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, तो काझ्यात किंवा शिमल्यात घ्यायचा. डब्यावर बसणारं शेगडीचं डोकं तेवढं इथून न्या आणि डबा घेताना आटे जुळतात का ते दुकानातच बघा. तळ्यापाशी पाणी 86 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली कचकचते आणि गॅस संपतो. दोन लिटरचा कुकर न्याच: शिट्टीचा दाब चढला की आतलं पाणी 110 अंशांपुढे जातं आणि मूगडाळीची खिचडी मऊ होते. पोह्यांना ही अडचण नाही, ते भिजले की झाले. वरून शेव आणि जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला), पण शेवेची बंद पाकिटं वर फुगून फुटतात, म्हणून निघतानाच डब्यात काढा. खटक्याचा लायटर उंचीवर दगा देतो, काडेपेटी तिकडेच घ्या. रात्री गॅसचा डबा स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवला नाही, तर सकाळी ज्योत मिणमिणते. तंबूत चूल पेटवायची नाही, कितीही वारा असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काठावर तंबू टाकायला बंदी आहे (2005 पासून हे रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानं जपलेलं पाणथळ आहे). कॅम्पची जागा अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर. स्वतःचा तंबू असला तरी तिथंच विचारून लावायचा. जमीन खडकाळ, खुंट्या वाकतात, तेव्हा दोरी मोठ्या दगडाला बांधा. स्लीपिंग बॅगेवरचा ‘एक्स्ट्रीम’ (जेमतेम जीव वाचेल असा) आकडा बघू नका, ‘कम्फर्ट’ (नीट झोप लागेल असा) बघा: शून्य अंश किंवा खाली. अंगाखाली फोमची चटई हवीच, दाबलेल्या बॅगेत ऊब राहत नाही. तंबूची वरची झडप उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ पहाटे अंगावर ठिबकते. फोनला रेंज नाही, ते घरी काझ्यातूनच सांगा.

मनालीकडे उतरताना वाटेतल्या बातल ते ग्राम्फू पट्ट्यात नाले रस्त्यावरूनच वाहतात. ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं आणि छोट्या गाड्या मध्येच बंद पडतात. चहा बातलला घ्या, पण सकाळी सहाच्या आत कॅम्प सोडा.