दुसऱ्या कार्डाचं करायचं काय?

पाऊस लागला की गोव्यात घरून काम करणाऱ्यांच्या गप्पांत ‘वीज कधी गेली’ च्या जोडीला ‘नेट कधी गेलं’ हाही विषय येतो. माडाची झावळी पडते, फायबर तुटतं, आणि जोडणारा पाऊस उघडायची वाट बघत बसतो. मग शहाणी माणसं दुसरी सोय करतात. फायबर असतंच, शिवाय सिमकार्डवर चालणारा एक राउटर आणतात, कॉम्प्युटरमध्ये दुसरं लॅन कार्ड बसवतात, दोन्ही केबली खोचतात आणि ठरवून टाकतात की वेग दुप्पट झाला नि काळजी मिटली. यातलं काहीच आपोआप होत नाही.

बहुतेक वेळा पहिली ठेच पत्त्याची. खाजगी नेटवर्कसाठी काही पत्ते १९९० च्या दशकापासून राखून ठेवलेले आहेत, पण राउटर बनवणाऱ्यांचं मन १९२.१६८.१.१ वरच बसलेलं. दोन्ही राउटर त्याच पत्त्याचे निघाले तर कॉम्प्युटरला एकच मोहल्ला दोन दारांतून दिसतो, आणि कुठलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, कुठून जाईल याचा नेम राहत नाही. सिमच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करावा. मात्र तेवढा वेळ फायबरच्या राउटरची लॅन केबल कॉम्प्युटरमधून उपटून ठेवावी. नाहीतर पान उघडतं भलत्याच राउटरचं आणि बदल होतो तिथे.

आता वाटांची यादी बघायची. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘राउट प्रिंट’ (route print), लिनक्सवर ‘आयपी राउट’ (ip route). विंडोजमध्ये ०.०.०.० ने सुरू होणारी ओळ म्हणजे ‘बाकी सगळं इकडून’. अशा दोन ओळी असल्या तर जिचं मेट्रिक, म्हणजे पसंतीचा आकडा, लहान, ती जिंकते. गंमत अशी की विंडोज हे मेट्रिक कार्डाच्या वेगावरून ठरवतं, मागच्या नेटच्या नव्हे. गिगाबिट कार्डाला सहसा २५. म्हणजे जोराचं फायबर आणि रडतखडत चालणारं सिम, दोघांनाही २५! ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४, तिथे ‘ॲडव्हान्स्ड’, आणि ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ ची खूण काढून फायबरला १०, सिमला ५० लिहावं.

दुसऱ्या कार्डावर नुसता प्रिंटर नाहीतर कॅमेरे असतील, तर त्याच्या गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, रकाना कोराच ठेवायचा. रकाना दिसला की भरायचा, ही सवय इथे नडते. त्या बाजूला आणखी एखादं नेटवर्क असेल तर त्याच्यापुरती वेगळी वाट लिहावी: ‘राउट -पी ॲड १९२.१६८.५०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.२.१’ (route -p add … mask …; शेवटचा पत्ता त्या बाजूच्या राउटरचा). ‘-पी’ विसरलं तर रीस्टार्टबरोबर ही ओळ पुसली जाते. नेमकी ओळ सरसकट ओळीला नेहमी हरवते, मेट्रिक काहीही असो. पणजीहून म्हापशाला जाणारा मांडवीच्या पुलावर चढतो, पण चोडण बेटावर जाणारा रायबंदरच्या फेरीबोटीकडेच वळतो, तसं.

आणि काळजी? लाइट गेली आणि फायबरचा राउटर इन्व्हर्टरवर नसला, तर त्याच्या कार्डाची लिंक तुटते, ओळ गळते आणि लॅपटॉप बिनबोभाट सिमवर जातो. पण बाहेर फायबर तुटलं आणि घरात लाइट आहे, तर राउटर जिवंत, कार्डाचा हिरवा दिवा चालू, ओळ जागच्या जागी. पॅकेटं मुकाट मेलेल्या वाटेनं जात राहतात. मेट्रिकला पुढची दशा कळत नाही. तेव्हा एकतर ते कार्ड हातानं ‘डिसेबल’ करायचं, नाहीतर बाहेरच्या पत्त्याला सतत पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघून, वाट बदलणारा दोन वॅनचा (बाहेरच्या दोन जोडण्या घेणारा) राउटर घ्यायचा. रोज ऑनलाइन बैठका असणाऱ्यानं दुसरा मार्ग धरावा, पैसे वसूल होतात.

वाट बदलूनही साइट उघडत नसेल पण ८.८.८.८ ला पिंग जात असेल, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सोयीचा. दोन्ही कार्डांवर तोच सार्वजनिक डीएनएस लिहून ठेवला की ही कटकट टळते.

चाचणी घेताना लॅन केबल ओढू नये, त्यात काहीही पास होतं. राउटरमागची फायबरची बारीक तार काढावी, तिच्या टोकाला बोट न लावता टोपण घालावं, आणि पॅकेट कुठल्या राउटरांवरून जातं ते दाखवणाऱ्या ‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ (tracert) च्या पहिल्या दोन ओळी बघाव्यात. तिथे १९२.१६८.२.१ आलं तर ठीक. अजून १.१ च दिसत असेल, तर पाऊस लागायच्या आधी बरंच काम बाकी आहे.