सत्तावीस जणांनी ‘चूक’ म्हटलं आणि लेख वर चढला

मराठी लिहिणाऱ्यांच्या एका मंचाची गुणपद्धत मी सांभाळते. पहिल्या पानावर कुठला लेख वर दिसणार आणि कोणाच्या नावापुढे किती गुण झळकणार, ते ठरवणारं गणित. गोव्यातल्या पर्वरीची आमची कचेरी रविवारी बंद असते, पण गणित चालूच असतं.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी सातला एक लेख आला: पावसाळ्यातली रानची अळमी, म्हणजे आळंबी, कशी ओळखावी. अकरा वाजता मी पाहिलं तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर होता, आणि फोटोतली अळमी रोयणीवरची, म्हणजे वारुळावर उगवणारी खाण्याची, नव्हतीच. कापलेल्या हिरवळीत उगवलेली, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं. मथळा होता, ‘बिनधास्त खा’.

गोव्यात याची गंमत वाटत नाही. या दिवसांत बाणस्तारीच्या वाटेवर पानात बांधलेली अळमी शेकड्याच्या हिशेबाने विकली जातात, आणि तोणाक, म्हणजे रस्सा, करायला मिळाली तर माणूस भाव करत बसत नाही. अशा मोसमात हा लेख सुटला होता.

आता गणित. एक लाइक म्हणजे १, प्रतिसाद ३, शेअर ५. बेरजेला लेखाच्या वयाने भागायचं: तासांत २ मिळवून त्याचा दीड घात. म्हणजे नवं वर येतं, जुनं खाली सरकतं. अकरा वाजता लेखाचे २१२ लाइक, ६४ प्रतिसाद, ३८ शेअर. बेरीज ५९४, भागिले १४.७, म्हणजे ४०.४. दुसऱ्या क्रमांकाचा लेख होता १४.५ वर.

मग मी ते ६४ प्रतिसाद एकेक उघडले. २७ जण सांगत होते की हे चूक आहे, फोटो काढा. १४ प्रतिसाद खुद्द लेखकाचे, ‘आम्ही लहानपणापासून खातो’ छापाचे. उरलेले २३ ‘वा, तोंडाला पाणी सुटलं’. गणिताला तिन्ही सारखेच. धोक्याची सूचना देणाऱ्या प्रत्येकाने लेखाला तीन गुण दिले, आणि दर उलट उत्तरामागे लेखकाने आणखी तीन मिळवले. स्वतःच्या लेखावरच्या स्वतःच्या उत्तरांना गुण देऊ नयेत, हे मी दोन वर्षं सांगत होते. ‘त्यामुळे चर्चा जिवंत राहते’, असं उत्तर मिळायचं.

मला वाटलं, २७ आक्षेप वजा केले की झालं. करून पाहिलं: ३४.९. नुसते वगळायच्या ऐवजी उलटे मोजले, प्रत्येकी उणे तीन: २९.४. तरी पहिलाच. शेअर तर आणखी अवघड. ‘हे खाऊ नका रे’ म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याचेही पाच आणि ‘आज हेच करूया’ म्हणणाऱ्याचेही पाच. पाठवताना माणूस काय म्हणाला ते आमच्यापर्यंत येतच नाही. एवढ्यावर मला कळायला हवं होतं की दोष वजनांत नाही. पण मी आणखी अर्धा तास वजनंच बदलत बसले.

२१२ पैकी ५८ लाइक पहिल्या चार मिनिटांत आलेले. लेख नऊशे शब्दांचा. चार मिनिटांत तो वाचून लाइक करणारे अट्ठावन्न जण मराठीत असतील तर आनंदच आहे! तो एक गट होता, एकमेकांचे लेख उचलून धरणारा. नियमात बसतं ते. पण पहिली काही मतं पुढच्यांना ओढतात. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात लाखभर टिप्पण्या घेऊन काहींना सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत दिलं होतं, त्यांचा शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. तिथे एक मत होतं, इथे अट्ठावन्न. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या उघड झालेल्या जुन्या सूत्रात मतांचा लॉगरिदम घेतात; पहिल्या दहा मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या नव्वदांना. झुंडीला त्याने थोडा चाप बसतो, पण पहिली दहा मतं आणखीच मोलाची होतात.

लेखकाच्या नावापुढे १८,४०० गुण आणि सोनेरी लेखणी. ते कमावलेले सुप्रभात-कवितांवर. आमच्याकडे एका माणसाला एकच आकडा, त्यामुळे कवितेतली पत अळम्यांतही चालते. त्यात तो सलग लेखनाचा नववा दिवस होता. दहा दिवस भरले की पन्नास गुणांचं बक्षीस. माणूस लबाड नव्हता. त्याला त्या दिवशी काहीतरी टाकायचंच होतं.

आक्षेप घेणाऱ्यांतले एक सत्तरी तालुक्याकडचे, वनस्पतिशास्त्र शिकवलेले. त्यांनी नीट लिहिलं होतं: रोयणीवरच्या अळम्याचा देठ मुळासारखा खोल, वारुळातल्या वाळवीच्या बुरशीच्या बागेपर्यंत जातो, उपटताना तो लांब निघतो. हिरवळीवरच्याला तसा नसतो, आणि त्याची खालची पाती जुनी होत जाताना हिरवट होतात. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली तर हिरवट पूड पडते. पूड हिरवी नाही म्हणून खावं, असंही नव्हे. ही खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब.

त्यांचे गुण ३७. पन्नासच्या आतल्यांचे प्रतिसाद आपोआप मिटलेले दिसतात. जाहिरातबाजांना आवरायला हा नियम मीच लिहिला होता. ते वाचायला ‘आणखी दाखवा’वर दोनदा बोट लावावं लागायचं.

साडेअकराला मी लेखाचे गुण गोठवले, फोटो काढला, मथळ्यावर तांबडी पट्टी लावली आणि सरांचा प्रतिसाद सर्वांत वर टाचला. आधीच पाठवलेल्या संदेशांत मात्र जुना मथळा आणि फोटो तसाच राहतो. तो परत बोलावता येत नाही. कोणी आजारी पडल्याचं आमच्या कानावर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी नव्या लेखांचे आकडे पहिले २४ तास झाकले. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये लाइक लपवून पाहिले होते, यूट्यूबने २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा काढला. माणसाचं ऑनलाइन वजन १ ते १०० मध्ये मोजणारं क्लाउट हे संकेतस्थळ तर २५ मे २०१८ ला बंदच झालं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी तक्रारींचा ढीग. ‘माझे गुण कुठे गेले?’ तांबडी पट्टी दिसली तेव्हा यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं की अळम्यांचं काय झालं. ‘आकडा काढलात तर लोक येतील कशाला?’ असं वरून विचारलं गेलं, आणि आकडे परत आले.

१ ऑगस्टला सकाळी सहाला सगळ्या सदस्यांना मासिक पत्र आपोआप गेलं: जुलैतले सर्वाधिक वाचलेले लेख. पहिला, अळमी. मी गुण गोठवले होते, पण ते पत्र गुण बघत नाही, वाचनसंख्या बघतं. तो तक्ता वेगळा. आणि तांबडी पट्टी लागल्यावर वाचनं दुप्पट झाली होती.

पत्रात मथळा जुनाच. सातला सरांची एक ओळ आली: ‘मॅडम, परत लिहू का?’