मारुती एस्टीम २००४: घाटात गरम होण्याचं मूळ सापडलं

मीटर १,२१,३४० किलोमीटर. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की साखरप्याहून आंबा घाट चढताना इंजिन गरम होऊन गाडी दोनदा थांबवावी लागली. त्यानंतरचे तीन आठवडे फक्त त्याच दुखण्यामागे गेले. बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली.

लक्षणं आधी सांगतो, उत्तर त्यातच होतं. कोल्हापूर ते मलकापूर सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा तळाला चिकटलेला, चाळीस किलोमीटर झाले तरी इंजिन आत्ता सुरू केल्यासारखं थंड. आणि घाटात चार वळणं घेतली की तोच काटा लाल पट्टीला. हायवेला एव्हरेज लिटरला ११ किलोमीटरच्या वर जात नव्हतं. स्पार्क प्लग काढले तर चारही काजळी धरलेले.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर पाच मिनिटांत सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेलंय. हेड उतरवणं, फेसिंग, व्हॉल्व्ह सील धरून अठरा हजार. मी हो म्हटलं नाही, कारण गॅस्केट गेल्याच्या खुणाच दिसत नव्हत्या. ऑइल कॅपखाली पांढरा फेस नव्हता, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. शिवाजी उद्यमनगरात एक जुने मेस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्याकडे ३०० रुपयांत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घेतलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे. हेडला हात लावायचं कारणच उरलं नाही.

मग मामांनी थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, मेस्त्रींच्या भाषेत वॉल) झाकण खोललं, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्यात वॉलच नाही की."

जुन्या गाड्या घेणाऱ्यांनी हे आवर्जून बघा. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून जायचं. पण ही १,२९८ सीसीची एमपीएफआय गाडी आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. पाणी रेडिएटरमधून सतत फिरत राहिलं की सपाट रस्त्यावर इंजिन तापतच नाही. सेन्सर ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) थंड असल्याचं सांगतो आणि ईसीएम जास्तीचं पेट्रोल सोडत राहतं. काजळी आणि एव्हरेज, दोन्हींचं उत्तर इथे मिळालं.

घाटातल्या गरमीचं कारण वेगळं. आधीच्या मालकाने बहुधा वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं होतं. इंजिनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यांना असलं क्षारांचं पाणी अजिबात चालत नाही. वॉटर पंप काढून हातात घेतला तेव्हा वाईट वाटलं. आतल्या पंख्याची पाती कडेने कुरतडल्यासारखी झिजलेली, दोन तर निम्मीच शिल्लक. बोटाने खरवडलं तर गेरूसारखा तांबूस चिखल निघाला. रेडिएटरच्या नळ्यांत तोच चिखल दगडासारखा बसलेला. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा सांभाळून घेत होता. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वेग नाही, भार मात्र पूर्ण, मग तो पंप पुरणार कुठून?

पंप काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. म्हणून बेल्ट आणि टेन्शनर त्याच वेळी नवे टाकले. बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद नव्हती आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा कोण देणार! रेडिएटर साफ करून बघू म्हणत होतो, पण मामांनी ठाम नाही सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

मी मोजलेले पैसे: रेडिएटर ३,४००, वॉटर पंप १,३५०, टेन्शनर १,१५०, टायमिंग बेल्ट ९५०, होज पाइप ८४०, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ७००, फॅनचा स्विच ४२०, थर्मोस्टॅट गॅस्केटसह ३८०, मजुरी २,९००. एकूण १२,०९०. काजळी आणि एव्हरेजचं दुखणं ज्याच्या नसण्याने झालं तो भाग ३८० रुपयांचा.

नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी घरी गॅसवर पातेल्यात दोऱ्याने टांगून तपासला. त्यावर ८२ कोरलेलं आहे, म्हणजे तो ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला हवा. थर्मामीटर ८३ वर आला आणि मधली चकती हळूच वर सरकली. पाणी निवू दिलं तशी पुन्हा मिटली. आई शेजारी उभी राहून बघत होती. हे काम तुम्ही प्रत्येकाने करा, दहा मिनिटं लागतात.

रविवारी पुन्हा साखरप्यापर्यंत उतरून घाट चढलो. एसी चालू, चौघं बसलेले. काटा अर्ध्याच्या किंचित खाली आला आणि वर आंब्यापर्यंत तिथेच राहिला. परतीत टाकी भरून एव्हरेजचा हिशेब केला: १३.६.

आता पुढचं. उजवीकडे पूर्ण वळवताना पुढच्या चाकातून टक-टक आवाज येतो. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस बाहेर उडालंय, म्हणजे ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. नुसत्या बूटचे अडीचशे, पण आवाज सुरू झाल्यावर बूट बदलून भागत नाही. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुशही सैल आहेत, दोन्ही कामं एकदमच खोलू. पावसाआधी मागच्या चाकांच्या कमानींचा गंज मात्र खरवडायचाच आहे. कोणी तिथे पॅच वेल्डिंग करून घेतलं असेल तर पत्रा किती गेजचा (जाडीचा) वापरला ते कळवा.