उकंड्यात सापडलेला पेनस्टँड

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा आमच्या विदर्भाचे. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, आणि १९५६ साली देह ठेवला तोही वलगावजवळ. त्यामुळे या दिवशी आमच्या जिल्हा परिषद शाळेत झाडू हातात घेतला नाही असं कधी होत नाही. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं आमचं गाव लहानसं, शिक्षक दोन, पट बत्तीस. त्या वर्षीही आम्ही आवार झाडलं, शाळेमागे ढीग केला आणि दरवर्षीसारखी काडी लावली. पोरं नाकाला रुमाल लावून मागे सरकली. पन्नीचा तो काळा, घशात चिकटणारा धूर उठला आणि त्यात मला एक अर्धी कापलेली बाटली दिसली. काठाला सोनेरी चमकी, पोटावर लाल कागदाचं फूल. दुसरीतल्या एका मुलीनं १५ ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी केलेला पेनस्टँड होता तो. माझ्या डोळ्यांदेखत वाकला आणि वितळला. ती मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. काही बोलली नाही.

ते प्रदर्शन मी भरवलं होतं. ‘टाकाऊतून टिकाऊ’, प्रत्येकानं एक वस्तू करून आणायची. टेबलं भरली, पाहुण्यांनी कौतुक केलं, फोटो निघाले. पुढे वस्तू कपाटावर धूळ खात पडल्या आणि दिवाळीच्या साफसफाईत मागे गेल्या. डिसेंबरच्या त्या संध्याकाळी एका मुलाच्या आईला हे सांगितलं, तर ती सहज बोलून गेली, “मॅडम, तुम्ही दोन बाटल्या सांगतल्या होत्या. घरी एकही नव्हती, मंग दुकानातून कोल्ड्रिंक आणलं. चमकी, कागद, थर्माकोल देवळीहून आणलं.” तिची तक्रार नव्हती. पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्या घरात कचरा नव्हता, तो मी विकत आणायला लावला होता.

जानेवारीत मी एकच ठरवलं. घरून काहीही आणायचं नाही. शाळेत आणि शाळेसमोरच्या रस्त्यावर जे पडतं तेवढंच गोळा करायचं, आणि त्याचं पुढे काय होतं ते शेवटपर्यंत पाहायचं.

आठ दिवसांत दोन चुंगड्या, म्हणजे पोती, भरल्या. ताडपत्री अंथरून त्या ओतल्या आणि पोरांना म्हटलं, तुम्हीच वाटण्या करा. मी आधी काही सांगितलं नाही. पहिल्या खेपेला त्यांनी रंगावर वाटण्या केल्या, लाल इकडे, निळं तिकडे. मग चौथीतला एक मुलगा म्हणाला, “जे कबाडीवाला घेते ते इकडं, नाही घेत ते तिकडं.” याच्यापेक्षा चांगली वाटणी मलाही सुचली नसती. फक्त कबाडीवाला काय घेतो याची कुणालाच पक्की खात्री नव्हती. म्हणून आठवड्याला सायकलवर फिरणाऱ्या कबाडीवाल्या भाऊंनाच शाळेत बोलावलं.

ते अर्धा तास थांबले, आणि मी दहा वर्षांत परिसर अभ्यासात जेवढं शिकवलं नसेल तेवढं त्या अर्ध्या तासात झालं. बाटली हातात घेतली की आधी झाकण काढून वेगळं टाकायचे. एका मुलीनं विचारलं, कायले? “माल वेगळा आहे, बेटा. बाटली एका भावात, झाकण दुसऱ्या.” पुठ्ठा, वह्या, लोखंड, ॲल्युमिनियमचं भांडं, दुधाची धुतलेली थैली, सगळ्यांना त्यांच्या हिशोबात जागा होती. मग हात चमकत्या पुड्यांच्या ढिगाशी आला. चिप्स, कुरमुऱ्यांचा चिवडा, बिस्किटं, गुटखा. त्यांनी एक पुडी फाडली, आतली चांदी बोटाने खरवडली आणि म्हणाले, “हे कोणीच नाही घेत. त्यात पन्नी वेगळी, चांदी वेगळी, अन् एकमेकाले चिकटून. वेगळी होत नाही.” आमच्या ताडपत्रीवर सगळ्यांत मोठा ढीग तोच होता.

झाकणाचा माल वेगळा, हे डोळ्यांनी दाखवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी घमेलंभर पाणी घेतलं. बाटलीचे आणि झाकणाचे नखाएवढे तुकडे कापले. बाटली पेट प्लॅस्टिकची, त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट, म्हणजे ती बुडायला हवी. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं नाहीतर पॉलिइथिलीनचं, ते पाण्याहून हलकं. सगळं वाचून, पाठ करून गेले होते. बाटलीचा तुकडा टाकला आणि तो मस्त तरंगत राहिला. पोरं माझ्याकडे बघायला लागली, मी घमेल्याकडे. तेवढ्यात तिसरीतल्या एकीनं बोट टेकवून तो तुकडा नुसता खाली दाबला. तो सरसर तळाशी गेला आणि तिथेच राहिला. मग झाकणाचा तुकडा दाबला, तो उसळून वर आला. दहा वेळा दाबला, दहाही वेळा वर आला. “मॅडम, हे तं बुडलं, अन् हे काही केल्या बुडत नाही!” चपटा, हलका तुकडा पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर तरून राहतो, त्याला ओला करून खाली ढकलावा लागतो, हे पुस्तकात वाचून माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी तुकडे लहान कापावेत आणि आधी साबणाच्या पाण्यात बुचकळावेत. अख्खी बाटली टाकू नये, ती हवेमुळे तरंगते.

प्लॅस्टिकच्या कारखान्यातही तुकडे असेच पाण्यात टाकून वेगळे करतात, हे सांगितल्यावर घमेल्याभोवतीची गर्दी हलेना. मग मी ते घमेलंच उलटं केलं. काळं, खरबरीत, बांधकामावर असतं ना, तसं. असल्या काळ्या घमेल्यांत, पाइपांत जुनं प्लॅस्टिक पुष्कळदा गेलेलं असतं. आणि पेटच्या बाटल्यांचा आपल्या देशात बहुतेक धागा होतो, पॉलिएस्टरचा. एका पोरानं लगेच स्वतःच्या शर्टाची बाही ओढून पाहिली.

कागदाला वेळ लागला, पण रमली पोरं त्यातच. वर्ध्याच्या मुलांना हा विषय परका नाही, असं मी मानते. वर्ध्यातल्याच मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघानं हातकागदाचं काम केलं. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ साली खुद्द गांधीजींनी केलं. त्याच्या आदल्या वर्षी वर्ध्यातच नई तालीमची परिषद झाली होती, हाताच्या कामातून शिक्षण हा तिचा गाभा. गांधीजी आलेली पाकिटं उलटून आतल्या बाजूवर लिहायचे, हे ऐकल्यावर पोरांनी आधी पाठकोरे कागद बाजूला काढले. जे दोन्ही बाजूंनी भरलेले तेवढेच भिजवायचे. हा नियम त्यांचा, माझा नव्हे.

कागद फाडून दोन दिवस बादलीत भिजवला, मग खलबत्त्यात कुटला. फुटलेल्या फोटोची लाकडी चौकट घेतली, तिला खिडकीची मच्छरजाळी ताणून खिळे मारले. लगदा भरपूर पाण्यात सैल करायचा, चौकट तिरकी आत घालायची, आडवी करून सरळ वर उचलायची. पाणी निथळतं आणि जाळीवर राखाडी साय उरते. ती साय सुती कापडावर उलटी टाकायची. पहिले चार कागद भाकरीएवढे जाड झाले, कारण पाणी कमी पडलं होतं. पाचवा उचलताना फाटला. सहावा निघाला. जानेवारीचं कोरडं ऊन, दुपारपर्यंत कडकडीत वाळला. ज्यानं तो केला त्यानं तो दप्तरात पाटीखाली ठेवला आणि आठवडाभर रोज काढून पाहिला. त्यावर शाईपेनानं लिहिलं तर शाई फुटते. भाताची पेज पातळ करून हात फिरवला आणि पुन्हा वाळवला, तेव्हा अक्षर उमटलं. कागद पुन्हा पुन्हा कुटला की त्याचा तंतू आखूड होत जातो, म्हणून तो पाच-सात फेऱ्यांपलीकडे टिकत नाही. ॲल्युमिनियम आणि काच मात्र कितीही वेळा वितळतात.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. फेब्रुवारीत एक मुलगा उड्या मारत आला. हातात पांढरी, जाडजूड, झाकणाची बाटली. “मॅडम, हे पाहा, मजबूत आहे. कुंडी करू.” घरून आणायचं नाही हे सांगूनही आणली, कारण ती त्याला वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडली होती. लेबल निघालेलं. मी झाकण उघडलं आणि वासानं कळलं. कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली होती. त्यानं येताना विहिरीवर विसळली होती, तीही नुसत्या हातांनी.

आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. इथल्या प्रत्येक घराला ते माहीत आहे. तरी त्याच घरांत रिकामा डबा पाणी प्यायला, तेल ठेवायला वापरलेला मी पाहिला आहे, कारण डबा खरंच मजबूत असतो. त्याला लगेच साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावलं, कपडे बदलायला घरी पाठवलं आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांना भेटायला गेले. त्याला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून वर्गात एक वाक्य भिंतीवर आहे: ओळख नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, मोठ्यांना दाखवायची. औषधाची रिकामी बाटली फवारणीच्या पंपावरच तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही. हे मी पालकसभेत दोनदा सांगितलं. टाकाऊतून टिकाऊ शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं खेड्यात हे आधी सांगावं, कात्री-गोंद नंतर काढावा. मी उलटं केलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तान्हा पोळा जवळ आला. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. ज्यांच्या घरी लाकडी बैल नाही त्यांची पोरं दोन दिवस गप्प असतात. लगद्याचे बैल करू, असं पोरांनीच सुचवलं. पण पावसाळा! पहिल्या दोन बैलांना तिसऱ्या दिवशी बुरशी आली आणि वास सुटला.

ही गोष्ट एका मुलीच्या आजीपर्यंत गेली. त्या शाळेत आल्या, बादलीत हात घातला, लगदा पिळला आणि म्हणाल्या, “मेथी कुठं आहे? मेथी टाकल्याबिगर जमत नाही वं बाई. कीड लागते त्याले.” त्यांच्या तरुणपणी त्या जुन्या कागदाची टोपली करायच्या. भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून लगद्यात मळायची, उपड्या भांड्यावर थापायची, वाळली की सोडवायची. त्यांनी पोरांच्या हातावर हात ठेवून दाखवलं. मुठीत लगदा दाबायचा, पाणी बोटांतून गळून जाईपर्यंत. मग अंगठ्यानं थापायचा, एका दिशेनं, पातळ. पहिला थर सुकल्यावरच दुसरा. आत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडाच्या, काड्यांचा सांगाडा बांधला. सुकवायला त्या बैल घरी घेऊन गेल्या आणि चुलीच्या वरच्या फळीवर ओळीनं ठेवले. मेथीचा कडसर वास त्या वर्षी आमच्या वर्गाला पोळ्यापर्यंत होता. अकरा बैल झाले, एकाचं शिंग वाकडं. रंग गेरू आणि चुन्याचा. विकत आणलेली वस्तू एकच, मेथी.

तान्ह्या पोळ्याला ते अकरा बैल लाकडी बैलांच्या रांगेत उभे होते. ज्या मुलीचा पेनस्टँड जळला होता तिचा बैल त्यात होता. तो अजून तिच्या घरी भिंतीतल्या कोनाड्यात आहे, भाऊ लहान आहे म्हणून उंचावर ठेवलाय.

पुड्यांचं मात्र काही जमलं नाही. पुष्कळ जण त्या बाटलीत ठासून विटा करा म्हणतात. मला ते पटत नाही. कबाडीवाले भाऊ घेतात ती चांगली बाटली आपण त्यात अडकवतो, आणि लेकरांना वाटतं प्रश्न मिटला. आम्ही पुड्या नुसत्या मोजल्या, रोजच्या रोज, फळ्याच्या कोपऱ्यात. महिनाभरात मधल्या सुट्टीतल्या पुड्या निम्म्याहून कमी झाल्या. मी बंदी घातली नव्हती. फळ्यावर आपला आकडा वाढलेला त्यांना आवडत नव्हता. दुकानदार काकूंनी कागदाच्या पुडीत फुटाणे ठेवायला सुरुवात केली, तीही पोरांनी जाऊन सांगितलं म्हणून.

उरलेल्या पुड्यांसाठी चौथीनं ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत ग्रामपंचायतीवरही जबाबदारी आहे, एवढं मी सांगितलं, मजकूर त्यांचा. कागद त्यांच्या हातचा, पेज लावलेला, एका कोपऱ्यात जुन्या वहीतला अर्धा ‘क’ अजून दिसतो. सरपंचताईंनी तो वाचून पुन्हा हाताने चाचपला आणि विचारलं, हा कागद कुठं मिळाला? पोरांनी एका सुरात सांगितलं. तालुक्याला प्लॅस्टिकचं केंद्र आहे का, तिथे या पुड्या घेतात का, याची चौकशी करते म्हणाल्या आहेत. तोवर तीन चुंगड्या पुड्या वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात आहेत. त्यांना काडी लावायची नाही, असं चौथीनं पाचवीत जाताना तिसरीला बजावून ठेवलंय.