इझम पाठ करण्याआधी रुईचं ते चित्र बघा

सध्या आमच्या घरी इझमचा, म्हणजे चित्रकलेतल्या शैलींच्या नावांचा, सीझन सुरू आहे. भाची डिझाइनच्या एन्ट्रन्सची तयारी करून राहिली, आणि तिच्या नोट्समध्ये युरोपची अख्खी कला एका टेबलात बसवलीय. रिअलिझम, इम्प्रेशनिझम, एक्स्प्रेशनिझम, दादाइझम, समोर साल, चार वैशिष्ट्यं, दोन चित्रकार, की झालं. ते वाचून असं वाटते की हे चित्रकार दर पंधरा-वीस वर्षांनी मीटिंग घेऊन ठरवत असावेत, चला आता ब्रश जरा वेगळा फिरवू.

माझं म्हणणं एवढंच की स्टाइल नंतर बघा. आधी बघा चित्रात कोण आहे, ते विकत कोण घेणार होतं, आणि त्या वर्षी बाहेर काय चाललं होतं. इझमचं नाव मग आपोआप लक्षात राहते, नाही राहिलं तरी फार बिघडत नाही.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे फ्रेंच चित्रकार देगाचं १८७३ चं न्यू ऑर्लिन्समधल्या कापूस ऑफिसचं चित्र. देगा म्हटलं की सगळ्यांना बॅले करणाऱ्या पोरी आठवतात, पण त्याच्या आईचं माहेर न्यू ऑर्लिन्सचं, मामा कापसाचा व्यापारी, आणि १८७२ च्या शेवटी देगा तिकडे गेला तेव्हा त्यानं मामाचं ऑफिसच रंगवलं. काळ्या कोटातली डझनभर माणसं, मध्ये लांबलचक टेबलावर पांढरीशुभ्र रुई पसरलेली, देगाचा एक भाऊ खुर्चीत रेलून पेपर वाचतोय, दुसरा खिडकीला टेकून उभा, त्याला काही कामच नाही. उजवीकडे एक जण मोठ्या खातेवहीवर वाकलेला. आणि अगदी पुढे उंच टोपी घातलेला म्हातारा मामा, दोन्ही हातांत रुईचा पुंजका धरून हळूच ताणतोय.

हे चित्र मी माझ्या मामाला मोबाईलवर दाखवलं. मामा आयुष्यभर हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये होते, कलेबिलेशी काही घेणंदेणं नाही. चष्मा वर करून, झूम करून बघितलं आणि म्हणाले, "धाग्याची लांबी पाहून राहिला तो. चेहऱ्यावरून सांगतो, भाव पाडणार." मग पेपरवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् हा रिकामा. धंदा बसलेला दिसते यांचा."

आता गंमत बघा, धंदा खरंच बसला होता. देगा तिथं असतानाच, १८७३ च्या सुरुवातीला, त्याच्या मामाची ती फर्म बुडाली. कोणत्याही नोट्समध्ये नसलेली गोष्ट माझ्या मामांनी दोन मिनिटांत ओळखली, कारण त्यांनी चित्रात कापूस बघितला, इम्प्रेशनिझम नाही. देगाच्या मनात हे चित्र मँचेस्टरच्या सूतगिरणीवाल्याला विकायचं होतं, म्हणजे गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय बघायला आवडेल हा सगळा हिशोब आधीच केलेला. तो सौदा काही झाला नाही, शेवटी १८७८ मध्ये फ्रान्समधल्या पो नावाच्या गावच्या म्युझियमनं ते घेतलं.

आणि हा कापूस आपल्यापासून लांबचा नाही बरं का. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडची रुई मँचेस्टरला जाणं बंद पडलं, म्हणून साहेबाची नजर इकडे वळली, वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, आणि युद्ध संपल्यावर तो तितक्याच जोरात पडला. हिंगणघाटची रुई त्या बाजारात गावाच्याच नावानं ओळखली जायची. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली तीही काही आपल्याला मुंबई दाखवायला नाही, मुख्य मतलब गाठींचा होता.

रेल्वेवरून मोने आठवला, इम्प्रेशनिझमवाला फ्रेंच चित्रकार. १८७७ मध्ये तो पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनात जाऊन बसला आणि तिथली डझनभर चित्रं काढली, इंजिनं, काचेचं छप्पर, आणि निळसर वाफ इतकी की खालची माणसं नुसते काळे ठिपके. त्याच वर्षी १ जानेवारीला इथं नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मला हे जुळून आलेलं साल फार आवडते. तिकडे वाफ कॅनव्हासवर चाललीय, इकडे भोंगा वाजतोय, आणि आता त्या जागेवर मॉल आहे.

मोने स्टेशनात, नदीकाठी, शेतात बसू शकला त्याचं एक कारण अगदी साधं, रंगाची ट्यूब. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, एकदा टोचली की गळायची आणि उरलेला रंग वाळायचा. खिशात ट्यूबा आणि बुडाखाली रेल्वे, मग स्टुडिओत कोण बसते. त्यात १८३९ पासून फोटो आलेला, त्यामुळे हुबेहूब काढण्याची मिजासही गेली.

गरीब माणूस चित्रात आला तो त्याच्या थोडा आधी. १८४८ ला फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि पुढच्याच वर्षी कूर्बे नावाच्या चित्रकारानं रस्त्याकडेला गिट्टी फोडणारे दोघं रंगवले, एक म्हातारा, एक पोरगा, दोघांचेही चेहरे धड दिसत नाहीत, अंगावर फाटके कपडे, आणि साइज एवढी मोठी की एरवी तेवढ्या कॅनव्हासवर राजे आणि देवच बसायचे. बघायला आलेल्यांचा राग त्या साइजवर जास्त होता असं मला वाटते. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये नष्ट झालं, आता फक्त फोटो बघायचे.

पहिल्या महायुद्धानंतर तर सुंदर काढायचं कसं हाच प्रश्न झाला असावा. चित्रकार ओटो डिक्स स्वतः जर्मन सैन्यात मशीनगनवर होता, १९२४ मध्ये त्यानं युद्धाची ५० एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, काढली, सडलेली प्रेतं, खंदक, गॅस मास्क, रात्री झोपण्याआधी बघू नका. पुढे १९३३ मध्ये नाझींनी त्याला ड्रेस्डेनच्या अकादमीतून काढलं आणि १९३७ मध्ये म्युनिकला 'विकृत कला' म्हणून जे प्रदर्शन लावलं त्यात त्याची चित्रं टांगली, लोकांनी हसावं म्हणून. एक दिवस आधी जवळच सरकारी पसंतीच्या कलेचं भव्य प्रदर्शनही उघडलं होतं, पण गर्दी कितीतरी जास्त झाली ती या विकृतवाल्याला, वीस लाखांच्या वर. आता त्यातले किती हसायला गेले आणि किती शेवटचं बघून घ्यायला, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पण हे 'काळाचं प्रतिबिंब' प्रकरण फार ताणूही नये. तेच पहिलं महायुद्ध चालू असताना मोने जिव्हेर्नी या आपल्या गावात बसून कमळं रंगवत होता, घरातली माणसं युद्धावर, आणि कॅनव्हासवर नुसतं पाणी. १९१८ ला युद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून त्यातली चित्रं देशाला देऊ केली. म्हणजे युद्धाशी संबंध आहेच, पण चित्र बघून तो सापडणार नाही.

रझांचंही मला तसंच वाटते. सय्यद हैदर रझा, मंडल्याकडच्या जंगलातले, फॉरेस्ट खात्यातल्या माणसाचा मुलगा, चित्रकला शिकले ते आधी आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग मुंबईला. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, हे राहिले. १९४८ मध्ये काश्मीरला फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला, त्यानं सांगितलं की तुमच्या चित्रांत बांधणी कमी पडते, सेझान नावाचा फ्रेंच चित्रकार बघा. सेझान बघायला हा माणूस १९५० मध्ये स्कॉलरशिपवर पॅरिसला गेला. तिथं सुरुवातीला काढलेलं दक्षिण फ्रान्समधल्या एका गावाचं चित्र आहे, १९५१ चं, एकाला एक लागून चौकोनी घरं, माणूस एकही नाही, वर काळा सूर्य.

मला त्यात फाळणी दिसते. भाची म्हणते क्युबिझमचा, म्हणजे त्या चौकोनी तुकड्यांच्या इझमचा, प्रभाव. मामांना विचारलं तर म्हणाले, "लेआउट टाकला, घरं बांधली अन् गिऱ्हाईक आलं नाही. बेसा रोडला ये, अशा लई स्कीमा दाखवतो."