तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातल्या बॅक्टेरियांचं हार्टशी काय देणंघेणं?

मला कोलेस्टेरॉलची गोळी लागल्यापासून मी यावर जमेल ते वाचत असतो, त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की जंतू आतड्यात आणि हार्ट छातीत, मग संबंध काय, आणि लगेच पुढचं, प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंची कॅप्सूल, कुठली घेऊ?

माझं आवडतं उदाहरण सांगतो. २०१३ मधे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या टीमने काही मांसाहारी लोकांना स्टेक खायला घातला आणि नंतरचे काही तास रक्त तपासत बसले. मांसात कार्निटिन नावाचं द्रव्य असतं, ते आतड्यातल्या बॅक्टेरियांना मिळालं की टीएमए नावाचा पदार्थ बनतो, तो लिव्हरमधे गेला की त्याचा टीएमएओ होतो, आणि हा ज्यांच्या रक्तात जास्त असतो त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक जास्त दिसलेत. आता गंमत बघा, त्याच लोकांना आठवडाभर अँटिबायोटिक देऊन परत तेच खायला घातलं तर टीएमएओ जवळपास गायब! आणि वर्षानुवर्षं मांस न खाल्लेला एक गडी स्टेक खायला तयार झाला (खरंच मानलं पाहिजे), त्याच्या रक्तातही तो फारसा वाढलाच नाही. खाणं तेच, पण ते पचवणारी पोटातली वस्ती वेगळी.

टीएमएओच खरा गुन्हेगार का, यावर मात्र वाद आहे. किडनी कमजोर असली तरी तो वाढतो, आणि माशांत तर तो आयताच असतो.

हार्टबरोबर शुगरचंही विचारतात, तर आपल्याला न पचणारं फायबर हे बॅक्टेरिया आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी ॲसिड्स बनतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि शुगर आवरणारं जीएलपी-१ हार्मोन सुटायला मदत करतात, हो तेच, वजन कमी करायची इंजेक्शनं ज्याची नक्कल करतात ते.

राहिलं प्रोबायोटिक. ॲमस्टरडॅममधे तर सडपातळ माणसांच्या विष्ठेतले बॅक्टेरियाच थेट लठ्ठ लोकांच्या आतड्यात सोडले, सहा आठवड्यांत इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, आणि अठराव्या आठवड्यापर्यंत परत जैसे थे. एवढं करून टिकलं नाही, तर कॅप्सूलकडून मी काय अपेक्षा ठेवू? मी फायबरसाठी कडधान्यं आणि भाज्या वाढवल्या, तेही उत्साहात एकदम, आणि पहिला आठवडा पोट असं फुगलं की घरचे लांब बसायला लागले. तुम्ही हळूहळू वाढवा, आणि पाणी भरपूर प्या. कोलेस्टेरॉलची गोळी माझी चालूच आहे.